कुठल्या तारखेचं चाक?

बेळगावच्या उद्यमबागेत काम दोन तऱ्हांनी येतं. एक ड्रॉइंग घेऊन, दुसरं पिशवीत गुंडाळलेला नमुना घेऊन. ड्रॉइंगवाल्याशी जमवून घेणं सोपं असतं. माप लिहिलेलं, टॉलरन्स लिहिलेला, उद्या वाद झालाच तर कागद मध्ये ठेवता येतो. नमुनेवाला मात्र एखादा घासलेला बुश नाहीतर तुटका शाफ्ट टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "हुबेहूब असाच पाहिजे." त्याला हुबेहूब तसाच करून दिला की चार दिवसांत तो तणतणत परत येतो. नमुन्यात असलेली झीज आपण इमानेइतबारे मापात उतरवलेली असते ना! म्हणून आमच्याकडे नमुना आला की व्हर्नियर काढायच्या आधी विचारायचं: हा कशात बसतो, किती वर्षं चालला, आणि मध्ये कुणी त्याला हात लावलाय का? नवा असताना हा केवढा होता, हे त्या उत्तरांवरून काढावं लागतं.

ही सवय मला रणगाड्याच्या चाकांपाशी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. आमचा धंदा हायड्रॉलिक पंपांच्या सुट्या भागांचा. दोन लेथ, एक मिलिंग, एक व्हीएमसी, आणि शेजारच्या फाउंड्रीचा धूर फुकट. त्यात एक दिवस निपाणीकडच्या एका गावातली माजी सैनिकांची मंडळी आली. गावात त्यांनी हॉल बांधला होता. १९७१ च्या लढाईत गावातली पोरं होती, त्यांच्या आठवणीसाठी दर्शनी कोनाड्यात टी-५५ रणगाड्याची धातूची प्रतिकृती ठेवायची होती. फायबरची नको, थर्मोकोलची नको. "बेळगावात एवढे कारखाने, तिथं करून मिळत न्हाई म्हटलं तर लाज वाटंल," असं त्यांच्यातले सर्वांत वयस्कर गृहस्थ म्हणाले. ते ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती विभागातून, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणू लागलो.

प्रमाण एकास दहा ठरलं. त्यात माझा स्वार्थ होता. टी-५५ ची मुख्य मापं छापील पुस्तकांत मिळतात, आणि एकास दहाला नुसतं दशांश चिन्ह सरकवायचं. तोफ सोडून धडाची लांबी सहा मीटर ४५ सेंटिमीटर, म्हणजे आपली ६४५ मिलिमीटर. रस्त्यावर टेकणाऱ्या चाकाचा व्यास ८१० मिलिमीटर, म्हणजे आपला ८१. पट्ट्याची रुंदी ५८०, आपली ५८. छंद म्हणून प्लॅस्टिकचे रणगाडे जुळवणारे लोक बहुतेक एकास पस्तीस या प्रमाणात काम करतात. हा पस्तीसचा आकडा कुठून आला म्हणून शोधलं, तर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीनं मोटारवर चालणारा जर्मन पँथर काढला, त्याच्या पोटात बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जो आकार धरला तो साधारण एकास पस्तीस भरला आणि पुढं तोच रूढ झाला. सगळ्या जगानं पाळलेलं माप बॅटरीच्या सेलवरून पडलेलं! आमच्या धंद्यातली निम्मी मापं अशीच पडलेली असतात, त्यामुळं मला त्याचं नवल वाटलं नाही, बरंच वाटलं.

धड, बुरूज, तोफ यांचं काम तसं सरळ होतं. घोडं अडलं ते चाकांपाशी.

सोव्हिएत रणगाडा ओळखायचा असेल तर जाणकार आधी चाकांकडं बघतात. टी-५४ आणि टी-५५ ला एका बाजूला पाच मोठी चाकं, आणि पहिल्या-दुसऱ्या चाकात इतरांपेक्षा जास्त अंतर. त्यांच्यानंतरच्या टी-६२ लाही पाचच, पण तिथं मोठी अंतरं मागच्या चाकांमध्ये. वरून पट्टा उचलून धरणाऱ्या छोट्या पुल्या यांपैकी कुणालाच नाहीत. पट्टा वरच्या बाजूनं सैल पडून सरळ चाकांच्या डोक्यावर टेकतो. ताकद मागच्या दातेरी चाकातून मिळते, पुढचं नुसतं ताण देणारं. इथपर्यंत कुठलंही चांगलं पुस्तक सांगतं.

भानगड पुढं आहे. टी-५४ चं उत्पादन १९४७ च्या सुमारास सुरू झालं, टी-५५ सोव्हिएत सैन्यात दाखल झाला १९५८ साली. पण दोघांचं धड इतकं सख्ख्या भावांचं, की चाकांच्या बाबतीत हद्दच राहत नाही. जुन्या धाटणीच्या चाकावर बारीक बारीक फासळ्यांचं जाळं असतं. छंदवाले त्याला स्पायडर म्हणतात. नंतरच्या चाकावर मध्यापासून कडेकडं फाकत गेलेले पाच रुंद उंचवटे, ते स्टारफिश. आमच्या शॉपमध्ये दोन दिवसांतच त्यांची नावं जाळीचं चाक आणि चांदणीचं चाक अशी पडली. व्यास दोघांचाही तोच, आणि एक काढून त्या जागी दुसरं बसवता येतं. त्यात हे रणगाडे फक्त रशियात झाले नाहीत. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियातही परवान्यानं बनले, आणि भारतानं या तिन्ही देशांकडून घेतले. म्हणजे 'टी-५५ चं चाक कसं असतं' या प्रश्नाला 'कुठल्या टी-५५ चं, आणि कधीचं' हा उलटा प्रश्न विचारल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

उद्यमबागेतल्याच गोगटे इन्स्टिट्यूटमधला एक विद्यार्थी आमच्याकडे प्रोजेक्टसाठी येत असे. त्याला या विषयाचं वेड. त्यानं मला टी-३४ ची गोष्ट सांगितली आणि माझे डोळे उघडले. दुसऱ्या महायुद्धातला हा रणगाडा. १९४१ मध्ये जर्मन आत घुसले, कारखाने हलवावे लागले, रबराची टंचाई झाली. मग चाकांच्या कडेचं रबर काढून टाकलं, आणि लोखंडी धावेचं चाक करून त्याच्या पोटात, तुंब्याजवळ, थोडंसं रबर ठेवलं. रबर वाचलं, पण लोखंडावर लोखंड धावू लागल्यावर आवाज आणि हादरे असे, की जोरात पळवणं मुश्कील. पुढं रबर थोडं हाताशी आल्यावर पहिल्या आणि शेवटच्या जागी रबरी चाकं आणि मधल्या जागी लोखंडी, असा सौदा झाला. एकाच गाडीला दोन जातींची चाकं, आणि तीही कारखान्यातूनच! लढाई संपल्यावर वीसेक वर्षांनी त्याच टी-३४ ची डागडुजी झाली तेव्हा काहींना टी-५५ ची चांदणीची चाकं बसवली गेली. आज पूर्व युरोपातल्या चौकांत चौथऱ्यावर उभे असलेले काही टी-३४ बघाल तर बुरूज १९४४ चा आणि चाकं १९६० नंतरची. त्यासमोर उभं राहून फोटो काढला आणि त्यावरून १९४५ च्या बर्लिनचं मॉडेल केलं, की नमुन्याची झीज मापात आली.

त्या पोरानं आणखी एक दाखवलं. टी-३४ च्या पट्ट्याच्या कड्या जोडणाऱ्या पिनांना आतल्या बाजूला नुसतं डोकं असे. पिन आत सरकू लागली की धडावर वेल्ड केलेली एक तिरकी पट्टी तिला प्रत्येक फेऱ्याला ठोकून परत जागेवर बसवी. ना सर्क्लिप, ना नट. मी आमच्या अण्णाला, म्हणजे मिलिंगवाल्याला, हे सांगितलं. तो कानडीत काहीतरी पुटपुटला आणि मग मराठीत म्हणाला, "सर, हे डिझाइन आपल्या मेंटेनन्सवाल्यानं केलंय." त्याच्या तोंडी याहून मोठी शाबासकी नाही.

आपल्याकडे नमुना शोधायला निघालं की दुसरीच गंमत होते. देशभरात चौकांत, छावण्यांच्या दारांत टी-५५ सारखे दिसणारे रणगाडे उभे आहेत. त्यातले काही टी-५५ नसतातच. चीननं टी-५४ वरून टाइप ५९ काढला, तो पाकिस्तानकडे होता, आणि १९७१ मध्ये पकडून आणलेले टाइप ५९ आपल्याकडे विजयचिन्हं म्हणून मांडलेले आहेत. बुरुजाच्या छतावर हवा खेळवणारी छोटी घुमटी दिसली तर तो टी-५५ नव्हे. ती घुमटी टी-५४ ला असते, टाइप ५९ ला असते, टी-५५ ला नसते. पण खाली उभ्या असलेल्या माणसाला छत दिसतं कुठं? तो चाकांचे फोटो काढतो आणि 'भारतीय टी-५५ ची चाकं' म्हणून जाळीची चाकं घेऊन घरी येतो. शत्रूच्या गाडीची चाकं आपल्या गाडीला.

लढाईत हाच घोळ जिवावर बेतणारा होता. छांबच्या आघाडीवर आपल्या डेक्कन हॉर्सकडे टी-५४, ७२ आर्मर्ड रेजिमेंटकडे टी-५५, आणि समोरून पाकिस्तानचे टाइप ५९. काका त्याच भागात होते. आपल्या गाड्यांच्या तोफेच्या नळीवर मध्यावर एक खोटा डबा बसवलेला असे, लांबून आपला कोण ते कळावं म्हणून, हे त्यांनी सांगितलं. नंतर एका पुस्तकातही ते सापडलं. मी नळीवर तो डबा घातला तेव्हा मंडळातल्या एकानं विचारलं, "हे काय, नळी फुगली काय?" काकांनी त्याला जागच्या जागी गप्प केलं.

नगरला, आता अहिल्यानगर म्हणायचं, मी मुद्दाम गेलो. तिथल्या आर्मर्ड कोअर सेंटरचं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीपासून पकडलेल्या पॅटनपर्यंत सगळं एका आवारात, झाडांच्या सावलीत. लोक तोफांकडं बघत होते, मी वाकून चाकांकडं. तिथला रखवालदार माझ्यावर डोळा ठेवून होता, आणि त्याचं बरोबर होतं. या फेरीत मला चाकाचं माप मिळालं नाही, चाकाचा स्वभाव मिळाला. पोलादी पट्ट्यावर धावणाऱ्या रबराची कड सरळ झिजत नाही, तिचे टवके उडतात. दोन चकत्यांच्या मधून पट्ट्याचे उभे दात जातात, म्हणून चकतीची आतली बाजू घासून लख्ख होते आणि बाहेरची बाजू रंगानं भरलेली राहते. आणि प्रदर्शनासाठी उभ्या केलेल्या गाडीला रंगारी वर्षानुवर्षं रंगाचे हात देत राहतो. धातू कुठं संपला आणि रबर कुठं सुरू झालं, ती रेघच रंगाखाली गडप होते. ती रेघ नसली की चाक खोटं दिसतं. मॉडेलमध्ये मी ती रेघ नखाला लागेल अशी ठेवली.

सगळ्यांत जास्त कामाला आले ते काका. पहिल्यांदा त्यांना मी दोन्ही प्रकारच्या चाकांची चित्रं दाखवली आणि विचारलं, तुमच्या गाड्यांना कुठली होती? ते म्हणाले, "दोन्ही."

"म्हणजे काही गाड्यांना ही, काहींना ती?"

"तसं न्हाई. एका गाडीलाच दोन्ही." मग त्यांनी मला समजावलं. या चाकाचं रबर पोलादाला भाजून चिकटवलेलं असतं. ते सुटलं की मैदानात नवं चढवता येत नाही, चाकच बदलायचं. "मागं स्टोअरमधनं जे येईल ते. भोकं जुळली, बसलं, गाडी गेली. नक्षी बघत बसलाव तर ओसी फाडून खाईल." मग थोडं थांबून, "नक्षी तुमच्यासारखी माणसं बघत्यात, पन्नास वर्सानंतर."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, पण एक प्रश्न होता. दोन्ही असत हे मान्य. पण कोणत्या जागी कोणतं? कारण आता माझ्यापुढं एक मोह उभा राहिला होता. चार चांदण्या आणि एक जाळी अशी मिसळ करून टाकली की मॉडेल एकदम खरं, वापरातलं दिसतं. बघणारा म्हणतो, वा, काय बारकावा आहे! छंदवाल्यांत ही फॅशनच आहे. माझ्या मते पुरावा नसताना मिसळलेलं चाक आणि पुरावा नसताना जुळवलेला संच यांत फरक काहीच नाही. उलट पहिलं जास्त फसवं, कारण त्याच्या अंगावर माहितीचा वास असतो.

काकांनी ट्रंकेतून फोटो आणला. काळा-पांढरा, पोस्टकार्डाहून लहान, कोपरा वाळवीनं खाल्लेला. १७ डिसेंबरला शस्त्रसंधी झाली, त्यानंतर केव्हातरी काढलेला. गाडीची डावी बाजू, समोर चौघं जवान, त्यातले एक काका, अंगावर स्वेटर आणि केस भरपूर. गाडी अर्धी नदीच्या वाळूनं माखलेली. त्या फोटोवर मी जितकं टेबल-लॅम्पखाली डोकं घातलं तितकं मायक्रोमीटरवरही कधी घातलं नसेल. स्कॅन करून मोठा केला तर दाणेच दिसतात, म्हणून शेवटी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं. पहिलं चाक, चांदणी. दुसऱ्यासमोर एका जवानाचे पाय, पण पायांच्या मधून एका उंचवट्याची कड दिसते, म्हणजे चांदणी. तिसऱ्यावर ऊन पडलेलं, आणि त्यावर बारीक फासळ्यांच्या सावल्या. जाळी! चौथं आणि पाचवं चांदणी, पाचवं थोडं अंधारात पण शंका नको इतकं.

मी काकांना तिसरं चाक दाखवलं. त्यांनी भिंग घेतलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे मीच बसवलंय." त्यांना ते खरंच आठवलं की फोटो बघून आठवलंसं वाटलं, ते मी विचारलं नाही. फोटो पुरेसा होता.

करणं त्यामानानं सोपं, म्हणजे आपल्या ओळखीचं. शेजारच्या फाउंड्रीचे मालक म्हणाले, लाकडाचा पॅटर्न करा, ओतून देतो. ॲल्युमिनियम थंड होताना सव्वा-दीड टक्का आकसतं, तेवढा पॅटर्न मोठा धरायचा, हे आम्ही रोज करतो. पण एकास दहाला एक निराळीच अडचण येते. साच्याच्या वाळूचा दाणा धरा पाव मिलिमीटर. खऱ्या गाडीच्या हिशोबात तो अडीच मिलिमीटर झाला. एवढ्या खडबडीत अंगाचं चाक कुठल्याही सैन्यानं पास केलं नसतं. माप लहान करता येतं, वाळू लहान करता येत नाही. म्हणून ओतकाम सोडलं आणि सळीतून कापायचं ठरवलं. सळी बाहेरून मागवावी लागली. यमनापूरला इंडालचा एवढा जुना कारखाना, आता हिंडाल्को, पण तिथं निघतो तो अल्युमिना, आणि आपल्याला हवी ती सळी ट्रकनं परगावाहून येते. बेळगावकराला याची सवय आहे.

कापतानाही तोच नियम. लेथवर फीड जरा जाड ठेवली की हत्याराच्या रेघा राहतात, आणि एक दशांश मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या चाकावर एक मिलिमीटरचा आटा. शेवटचा कट अगदी बारीक फीडवर घेतला आणि वरून काचेच्या दाण्यांचा हलका फवारा मारला. एका बाजूला पाच, दोन्ही मिळून दहा, आणि प्रत्येक चाक दुहेरी, म्हणजे वीस चकत्या. आतल्या दहा दिसत नाहीत. अण्णा म्हणाला आतल्या सपाट ठेवू. मी ठेवू दिल्या नाहीत, कारण खालून हात घालून बघणारं पोर प्रत्येक गावात एक तरी असतं.

चांदण्या मी व्हीएमसीवर टाकणार होतो, पण मशीन पंपांच्या ऑर्डरीत अडकलं होतं. म्हणून अण्णानं जुना डिव्हायडिंग हेड काढला. त्याची दांडी चाळीस फेरे फिरवली की जॉब एक फेरा फिरतो. चांदणीच्या पाच उंचवट्यांना ४० भागिले ५, बरोबर आठ फेरे, भोकांची प्लेट बघायलाही नको. अण्णा खूश. मग मागच्या दातेरी चाकाची पाळी आली आणि इतिहास परत आडवा आला. टी-५४ आणि टी-५५ चा जुना पट्टा साध्या, कोरड्या पिनांचा. त्याच्या दातेरी चाकाला १३ दात. नंतर रबरी बुशांचा पट्टा आला, त्याला १४ दातांचं चाक लागतं. आजच्या कितीतरी छायाचित्रांत टी-५५ वर हा नंतरचाच पट्टा दिसतो. १३ असतील तर प्रत्येक दाताला तीन फेरे आणि ३९ भोकांच्या वर्तुळावर तीन भोकं. १४ असतील तर दोन फेरे आणि २१ च्या वर्तुळावर अठरा भोकं. अण्णा प्लेट हातात घेऊन उभा: "सर, तेरा का चौदा?"

फोटोत दातेरी चाकाचा निम्म्याहून जास्त भाग वाळूनं भरलेला. दात मोजणं अशक्य. पण वरचा पट्टा उजेडात होता आणि त्याच्या कड्यांचा घाट जुन्या, कोरड्या पिनांचा होता. कडी ठरली की दात ठरले, कारण तेराच्या चाकावर नवा पट्टा बसत नाही. तेरा कापले. दात मोजायला मिळाले नाहीत तर त्यात अडकणारं काय आहे ते बघायचं, हे आम्ही घासलेल्या गिअरच्या बाबतीत नेहमीच करतो.

रबरासाठी छपाईच्या यंत्रांचे रोलर भरून देणाऱ्याकडे गेलो. त्याला ८१ मिलिमीटरच्या वीस चकत्यांवर काळं रबर चढवून पाहिजे म्हटल्यावर त्यानं विचारलं, कुठल्या मशीनला? रणगाड्याला म्हटलं. तो हसला, पण काम चोख दिलं. कडक रबर घेऊन ते ग्राइंडरवर मापाला आणलं. मग मी प्रत्येकाच्या कडेला ब्लेडनं बारीक टवके उडवले, नगरला पाहिले होते तसे. तिसऱ्या चाकाचे टवके सगळ्यांत कमी ठेवले. ते नुकतंच बदललेलं होतं ना!

पट्ट्यानं अनपेक्षित त्रास दिला. खऱ्या गाडीचा पट्टा स्वतःच्या वजनानं चाकांवर लोळतो. एकास दहाला लांबी दहा पटीनं कमी होते पण वजन हजार पटीनं, त्यामुळं छोटा पट्टा ताठ राहतो, कमानीसारखा, आणि सगळी गाडी खेळण्यातली वाटायला लागते. आम्ही कड्यांच्या पिना मुद्दाम सैल केल्या आणि दोन ठिकाणी आतून, न दिसणाऱ्या बाजूला, बारीक तारेनं पट्टा चाकाकडं ओढून घेतला. वजन नसलं की वजनाचं सोंग आणावं लागतं.

गाडी तयार झाल्यावर मंडळाची मंडळी बघायला आली. सगळं आवडलं, मग एकाचं लक्ष तिसऱ्या चाकाकडं गेलं. "हे एक वेगळं का? सामान कमी पडलं काय?" मी फोटो दाखवला. फोटो मान्य, पण हॉलमध्ये आमदार येणार, पाहुणे येणार, प्रत्येकाला फोटो दाखवत बसायचं का? लोक म्हणणार बेळगाववाल्यानं चूक केली. त्यांच्या बोलण्यातही तथ्य होतं. बघणाऱ्यांपैकी शंभरातल्या नव्व्याण्णवांना ती चूकच वाटणार. एक तोडगा असा निघाला की जाळीचं चाक उजव्या बाजूला, भिंतीकडं लावावं. म्हणजे खरंही राहिलं आणि दिसलंही नाही. मी नाही म्हटलं. डाव्या बाजूचा पुरावा उजव्या बाजूला लावला तर दोन्ही बाजू खोट्या होतात, एक नव्हे.

काका इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लोक विचारत्यात ते बरं हाय की. न्हाईतर विचारायला काय हाय त्यात? समदे बघून फुडं जात्यात." वाद तिथं संपला असं नाही. संपला तो त्यांच्या वयामुळं.

तिसरं चाक डावीकडं राहिलं. फोटोची मोठी प्रत चौकटीत घालून मॉडेलच्या शेजारी लावायची असं ठरलं, म्हणजे पाहुण्यांनी स्वतःच ताडून बघावं. उजव्या बाजूला मी पाचही चांदण्या लावल्या आहेत. तिथं दुसरं काही असल्याचा पुरावा नाही, आणि काकांना त्या बाजूचं काही आठवत नाही. पण त्या तुकडीतला आणखी कुणी जिवंत असेल, कुणाच्या तरी ट्रंकेत दुसऱ्या बाजूचा फोटो असेल. म्हणून चाकं मी चिकटवली नाहीत. प्रत्येक चाक मध्यावर एम-३ च्या एका स्क्रूनं धरलंय, वर टोपी दाबून बसवलीय. जाळीच्या दोन जोड्या जास्तीच्या कापून तेल लावून डबीत ठेवल्यात. फोटो मिळाला तर निपाणीला जाऊन येणं, स्क्रू काढणं, चाक बदलणं, अर्ध्या दिवसाचं काम आहे. काकांनी हॉलमध्ये येणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाला विचारायला सुरुवातही केलीय.